टिकोलोशेच्या नावाखाली

माझ्या एका कडेला तांदळाच्या दाण्याएवढी चीर आहे. भट्टीत त्या बाजूला आच कमी लागली होती. मित्रांनो, मी दक्षिण आफ्रिकेतल्या त्सोलोच्या टेकडीवरची, नदीकाठच्या मातीची एक जुनी वीट. माझ्याबरोबर भाजलेल्या विटांच्या भिंती झाल्या. मी मात्र म्लामली आजोबांच्या खाटेच्या पायाखाली गेले, ती टिकोलोशेच्या भीतीने.

टिकोलोशे म्हणजे आमच्याकडचे भूत, गुडघ्याएवढे, केसाळ आणि महाखोडकर. खाट विटांवर चढवली की त्याचा हात पोचत नाही. तो दिसतो फक्त लहान मुलांना. आमच्याकडे हा शब्द मिठासारखा सगळ्यात पडतो. बुटक्या जावयाला चिडवायचे तर टिकोलोशे, पोर झोपेना, की "बोलावू टिकोलोशेला?" दूध सांडले, कोंबडी हरवली, सगळे त्याच्याच माथी. "म्लामलीच्या विटा मात्र पक्क्या!" असे लोक म्हणत आणि मी फुगत असे. त्या फुगण्याची आता लाज वाटते.

दोन हिवाळे मी पाहत होते. खाटेवरून उतरताना आजोबांचा पाय जमीन शोधत राही. समोरचा बूट हाताला लागत नसे. दूध मगात पडण्याऐवजी शेजारी पडे आणि माझ्यावर ठिबके. त्यांची मुलगी नोमोंडे धावत येई.

"टिकोलोशेनं धक्का दिला गं!"

"ताता, एकदा डोळे दाखवून येऊ या."

"डोळ्यांना काय धाड भरलीय? त्या डोंगरावरची घार दिसते मला!"

एका सकाळी त्यांचा पाय माझ्यावर आदळला. मी सरकले, खाट कलली आणि आजोबा पडले. शेजारी जमले. आजोबांनी आठ वर्षांच्या नातीला हाक मारली. "सिवे, तू पाहिलंस ना त्याला?"

सिवेने आजोबांचा पडलेला चेहरा पाहिला. "हो," ती हळूच म्हणाली.

ज्या पोरीला तो दिसतो, तिच्याशी त्याची गट्टी असते, असे आमच्याकडे मानतात. चार दिवसांत अंगणात एकही मूल फिरकेना. नळावर तिची बादली मागे ढकलली जाऊ लागली. "टिकोलोशेची मैत्रीण!" मुली ओरडत. मला तर सगळे ठाऊक होते. सरकले मी, आणि शिक्षा भोगत होती ती. मित्रांनो, दोष द्यायला एखादे नाव सापडले की खरे दुखणे तसेच वाढत जाते, आणि त्याचा भार दुसराच कुणी वाहतो. म्हणून थकल्या डोळ्यांची, कापत्या हातांची वेळीच विचारपूस करा.

मला आता दाराशी टाकले होते. पाचव्या दिवशी सिवे माझ्यावर बसून भोपळ्याच्या बिया सोलत होती. कुंपणापलीकडून शेजारीण म्हणाली, "नोमोंडे, राग मानू नकोस. पण शाळेच्या वाटेवर तुझी पोर आमच्या मुलींपासून लांबच ठेव. तिच्यामागून तो आमच्या घरात शिरायचा."

सिवेने मान खाली घातली. तिच्या हातातल्या बिया मातीत सांडल्या.

बाकावर उन्हात बसलेले आजोबा भिंत चाचपत उठले. शेजारणीचा आवाज आला होता, त्या दिशेला त्यांनी तोंड केले.

"पोरीनं काही पाहिलेलं नाही. खोटं मी बोललो, आणि तिनं माझी लाज राखली. मला दिसत नाही." मग ते मोठ्याने म्हणाले, "नोमोंडे, उद्याच्या पहिल्या गाडीनं मला डोळ्यांच्या दवाखान्यात ने."