प्रभावतीबाईंचा फ्रीज

आईने राहायला आपल्या बाभुळगावऐवजी नेर निवडले, याची कारणे साधनाने स्वतःपुरती तपासून पाहिली होती. धाकट्या बहिणीचे, रुपालीचे, नेरचे घर नवे होते, दवाखाना जवळ होता आणि घरी दिवसभर कोणीतरी असे. सगळी कारणे बरोबर होती. कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या साधनाला बरोबर कारणांशी वाद घालता येत नसे; म्हणूनच ती तिला अधिक झोंबत.

आईच्या पुसदच्या घरून निघालेला पिकअप दुपारी नेरला पोचला. मागे दोरखंडाने उभा बांधलेला दोन दारांचा फ्रीज होता आणि पुढे चालक अब्रारच्या शेजारी प्रभावतीबाई. निवृत्त परिचारिका असलेल्या या बाईंनी मुलींना एकच अट घातली होती: फ्रीज जाईल तिथे मी. "लेकीच्या घरी असलं तरी आपला फ्रीज असला की थंडं पाणी मांगा लागत नाही," असे त्या म्हणत. गाडीतून उतरताना त्यांनी आधारासाठी रुपालीचा हात धरला. साधनाच्या हाती पिशवी दिली.

साधनाला रुपालीनेच बोलावले होते. "ताई, फरशी नवी आहे व. तुले समजते त्यातलं. तू असली की मले भेव नाही." आईला ठेवून घ्यायला रुपाली आणि आईचा फ्रीज हलवायला आपण, ही वाटणी साधनाने फोनवरच ओळखली होती.

फरशी नवी होती आणि घाईची होती. रुपालीच्या नवऱ्याला, राजदीपला, गृहप्रवेश चौदा ऑक्टोबरलाच करायचा होता. मुहूर्त न मानणाऱ्या घरात तारीख मात्र पक्की होती; धम्मचक्र प्रवर्तन दिनाची वंदना नव्या भिंतींतच व्हायला हवी होती. मिस्त्रीने आदल्या आठवड्यात रेटून टाइल्स बसवल्या. सिमेंटला दिनविशेष कळत नाही, असे साधना तेव्हा म्हणाली होती. राजदीप त्या वेळी हसला होता. आज, वंदना होऊन, खीर वाटून दोन दिवस झाल्यावर, तो उंबऱ्यात उभा राहून फ्रीजकडे आणि फरशीकडे आळीपाळीने पाहत होता.

"अम्मा, उतरवू का?" अब्रारने विचारले. "का फ्रीजचं नुसतं दर्शनच घेऊन राह्यले सारे?"

"थांब भाऊ. ताईले पाहू दे पहिले," राजदीप म्हणाला.

साधना गुडघ्यांवर बसली आणि किल्लीच्या टोकाने एकेक टाइल ठोकू लागली. दाराजवळ आवाज भरीव आला. हॉलच्या मध्यापासून स्वयंपाकघरापर्यंत तो बदलला. रिकाम्या डब्यावर टिचकी मारावी तसा.

"पोकळ आहे," ती म्हणाली. "खाली माल नीट भरला नाही. फ्रीजचा सारा भार चार बारीक पायांवर येते. टाइल तडकेल."

यातले प्रत्येक वाक्य खरे होते. पुढचे वाक्यही तयार होते. ते तिने उच्चारले नाही. विधान खरे असणे आणि पुरेसे असणे या वेगळ्या गोष्टी आहेत, हे ती दरवर्षी अकरावीच्या वर्गाला बजावत असे.

"आता वो?" रुपालीने नवऱ्याकडे पाहिले.

"मिस्त्रीले बलावतो. उखडून पुन्हा बसवा लागन."

"तवर आईले मी नेतो," साधना म्हणाली. "फ्रीजही. माझी फरशी जुनी आहे, पक्की आहे." स्वतःचा आवाज तिला एखादे निरीक्षण वाचून दाखवावे इतका स्थिर वाटला. ज्याला निष्कर्ष आधीच हवा आहे, त्याच्या निरीक्षणावर विश्वास ठेवू नये, हेही तिला ठाऊक होते.

रुपालीचे डोळे भरले. "खोली लावली व म्या आईसाठी." उघड्या दारातून ती खोली दिसत होती. खिडकीखाली पलंग आणि त्यालगत, चढताना आईला पाय ठेवता येईल असे बुटके स्टूल. बाभुळगावच्या घरात असे स्टूल नव्हते. साधनाला ते सुचलेही नव्हते.

खुर्चीत बसलेल्या प्रभावतीबाईंनी चष्मा पुसला. "साधना, तू फ्रीज घेऊन जाय."

"अन् तू?"

"मी इथंच राहीन."

"तुझी अट होती, आई."

"अट म्याच घातली, म्याच काढली. माठातलं पाणी पेईन."

आपल्या स्वयंपाकघरात आईशिवाय घुरघुरणारा तो फ्रीज साधनाला स्पष्ट दिसला. आईने इतक्या वर्षांत कोणासाठी काही सोडल्याचे तिला आठवत नव्हते. आज सोडले, तेही रुपालीसाठी.

"प्लायवूड आहे का घरात?" तिने विचारले.

"कपाटाचं उरलेलं आहे," राजदीप म्हणाला. "काहून?"

"खाली गोधडी टाकायची, वरून प्लाय. भार पसरते, एका टाइलवर येत नाही. एका तुकड्यावरून दुसऱ्यावर सरकवत न्यायचा. जागेवर गेला की पायाखाली एक तुकडा तसाच राहू द्यायचा."

"वा ताई!" अब्रार हसला. "हे पहिलेच सांगतलं असतं त माही चाय होऊन गेली असती."

कोणी हसले नाही. रुपाली बहिणीकडे पाहत होती. "हो ना. पहिले काहून नाही सांगतलं?"

साधनाने तोंड उघडले. तिच्याआधी आई बोलली.

"तिले आत्ता सुचलं. कालेजचा किती ताण आहे तिच्या डोक्याले. चाल, गोधड्या काढ."

हे म्हणताना प्रभावतीबाईंनी साधनाकडे पाहिले नाही. गोळी न घेता घेतली म्हणणारा रुग्ण ज्या बाईने आयुष्यभर नुसत्या चेहऱ्यावरून ओळखला, तिला काय कळले असेल, याविषयी साधनाच्या मनात शंका उरली नाही. आई सहसा खोटे बोलत नसे. रुपालीसाठीही कधी बोलली नव्हती. ही नोंद आपण लगेच घेतली, याची साधनाला लाज वाटली. पण नोंद पुसली गेली नाही.

फ्रीज आत गेला. एका बाजूला राजदीप आणि अब्रार, दुसऱ्या बाजूला दोघी बहिणी. "झुकवू नका, उभाच राहू द्या," एवढेच साधना बोलत राहिली. एकही टाइल तडकली नाही. रुपालीने लगेच बटणाकडे हात नेला.

"आत्ताच नको," साधना म्हणाली. "गाडीत हलला आहे. संध्याकाळपर्यंत तसाच राहू दे." मग तिने पर्स उचलली. "निघतो मी. पाचची बस आहे."

"अन् चालू कोण करन?" आईने विचारले.

"रुपाली करन की. बटणच आहे."

"नाही. तूच करून जाय. आज राह्य इथं."

आईला ती हवी होती की फ्रीजची खात्री, हे ठरवायला पुरावा अपुरा होता. साधनाने पर्स खाली ठेवली आणि पलंगापाशी जाऊन ते बुटके स्टूल किती उंच आहे, ते वितीने मोजले.