दुसऱ्यांदा विचारलंच नाही

शिहो हंगेरियन शिकते म्हटल्यावर लोक हसायचे. "त्या भाषेवर तुला नोकरी कोण देणार गं?" तिची आईसुद्धा फोनवर हेच विचारायची. शाळेच्या गायनवृंदात तिने हंगेरियन गाणी म्हटली होती, एका शब्दाचाही अर्थ न कळता. तेव्हापासून हे खूळ. ओसाकातल्या आमच्या विद्यापीठात त्या भाषेच्या वर्गाला शेवटी ती एकटीच उरली होती.

परदेशी जाऊन भाषा शिकायचे मार्ग आमच्याकडे मोजकेच. बापाकडे पैसा असेल तर वर्षभर कॉलेज सोडून जा. नसेल तर सुट्टीत तीन आठवडे जाऊन फोटो काढून या. नाहीतर विद्यापीठाची अदलाबदलीची जागा मिळवा, त्यांचा विद्यार्थी इकडे, आपला तिकडे, फी माफ. बुडापेस्टची अशी एकच जागा होती आणि ती आम्हा सगळ्यांना इतिहास शिकवणाऱ्या कुरामोतो सरांच्या हातात होती. शिहोच्या वडिलांचं तोत्तोरीला केस कापायचं दुकान, म्हणजे स्वखर्चाचं नावच नको. पुढच्या वर्षी सगळ्यांनाच काळे सूट घालून नोकरीच्या मुलाखती देत फिरायचं होतं. आत्ता नाही तर कधीच नाही, हे मला ठाऊक होतं आणि सरांनाही.

सरांनी इतिहासाच्या भर वर्गात विचारलं, "बुडापेस्टला कोण जातंय?"

सगळ्यांनी माना खाली घातल्या. आमच्यात आपणहून हात वर करणारा हावरट ठरतो.

"शिहो, तू जाशील ना?"

"छे छे सर, मी कुठली! माझ्यापेक्षा चांगले कितीतरी आहेत."

घरच्या वळणाप्रमाणेच बोलली ती. आपण नको म्हणायचं, समोरच्याने आग्रह करायचा, पुन्हा नको म्हणायचं आणि मग वाकून हो म्हणायचं. सरांनी दुसऱ्यांदा विचारायला तोंड उघडलंही होतं.

"मग मी जातो की!" मागून तोमोया म्हणाला.

तोमोया सिंगापूरला वाढलेला. नाही म्हणजे नाही, एवढंच त्याला ठाऊक. मनाने वाईट नव्हता मेला, पण हंगेरियनचं अक्षर येत नव्हतं.

"सर, पण शिहोला..." मी सुरुवात केली, तर शिहोनेच टेबलाखाली माझ्या हाताला करकचून चिमटा काढला.

"वा! असा उत्साह हवा," सर म्हणाले आणि त्यांनी पुढचा विषय काढला. आग्रह करकरून कुणालातरी निवडायची पंचाईत परस्पर टळली होती ना!

बाहेर आल्यावर मी तिच्यावर ओरडले, "बावळट आहेस का तू?"

"सर परत विचारणार होते गं."

"विचारलं का?"

ती बायकांच्या स्वच्छतागृहात शिरली. आत भिंतीवर पाण्याचा नुसता आवाज करणारं बटण असतं, आतले आवाज बाहेर जाऊन लाज वाटू नये म्हणून. ते दाबून ती रडली. आवाज थांबला की पुन्हा दाबायची. रडतानासुद्धा कुणाला त्रास नको! मला तिचा इतका राग आला की पाठीवरून हातही फिरवावासा वाटला नाही.

वर्षाने तोमोया परत आला. आम्ही मुलाखतींच्या सुटातच वर्गात बसलो होतो. त्याने सगळ्यांसाठी चॉकलेटं आणली होती.

"शिकलास का हंगेरियन?" मी मुद्दाम विचारलं.

"कशाला? तिथे आमचं सगळं इंग्रजीतच चालायचं." त्याने खोका उलटसुलट केला. "यावर काय लिहिलंय, देव जाणे."

शिहोने खोका हातात घेतला आणि न अडखळता मोठ्याने वाचला. मग म्हणाली, "आत चेरी आणि रम आहे. लहान मुलांना देऊ नये."

तोमोया बघतच राहिला. "अगं, मग खरं तर तूच जायला हवं होतंस!"

तो अगदी मनापासून बोलला. सरांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

"छे छे, मी कुठली," शिहो म्हणाली आणि वाकून तिने चॉकलेटबद्दल त्याचे आभार मानले.

तोमोयाला तिचं ते 'मी कुठली'ही खरंच वाटलं.