मैनाबाईच्या झेंडूचा उपास

मखमलाबादच्या शिवारात बघ्यांची अशी रीघ लागली होती, की मैनाबाईच्या रानात झेंडू जास्त की बांधावर चपला जास्त, ते सांगता येईना. सन दोन हजार दोन. भाद्रपदापासून पावसाने दडी मारलेली. विहिरींनी तळ गाठल्यापासून पाणी कोणालाच नव्हतं. सगळ्यांचे झेंडू माना टाकून बसलेले आणि मैनाबाईचा तेवढा हिरवागार!

"मंत्राचा दोरा हाय हा!" शिवारभर दोरे बांधत फिरणारा भभूतबाबा बांधावर बसून, डोळे मिटून म्हणाला. "मुळं पाताळात गेली, गंगामाईला भेटून आली!"

मैनाबाईला आधी बरंच वाटलं. एवढ्या शिवारात देवाला आपलंच रान सापडलं, हे काय थोडं झालं? पण बाबा तिथेच थांबला नाही.

"आता ही जागा देवीची. फूल तोडंल त्याचा हात झडंल!"

दसरा तोंडावर. वर्षाची मीठमिरची याच फुलांवर.

शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या मनीषाबाई गर्दीत होत्या. त्यांनी शेजारच्या कोंडाजीला विचारलं, "दोरा तुमच्याही रानात होता ना?"

"व्हता की! आधी माझ्याच बांधाला बांधला."

"याची श्रद्धा पातळ!" बाबा गरजला.

"श्रद्धा पातळ?" कोंडाजी भडकला. "पाणी व्हतं तवर रोज सकाळी पोरावानी पाजलंय झाडांना! ही मैना सदा हार विकायला नाशिक रोडला. पाणी द्यायची फक्त रविवारी. मीच म्हणायचो, फुलांना उपास घडवती!"

मनीषाबाईंना हसू आलं. "मावशी, कुदळ आणा. दोघांचं एकेक झाड खणून बघू."

"हात झडंल!" बाबा ओरडला.

मैनाबाईने हाताकडे पाहिलं. दसऱ्याला फुलं विकायची नाहीत, तर हा हात ठेवून तरी काय करायचा? तिने कुदळ घातली.

कोंडाजीच्या झाडाखाली निघाला मूठभर झुपका, वरच्यावर पसरलेला. मैनाबाईच्या झाडाची मुळं मात्र संपता संपेनात. कोपरापर्यंत हात घातला, तेव्हा शेंडा लागला. तिथली माती अजून ओलसर होती.

"रोज थोडं थोडं पाणी वरच मिळालं, तर मुळं खाली कशाला जातील?" मनीषाबाई म्हणाल्या. "मावशी आठवड्यातून एकदाच द्यायच्या, पण खोल मुरेल असं. मधल्या दिवसांत वरची माती सुकायची, ओल खाली राहायची. मुळं तिच्या मागे गेली. पाताळ कसलं, हातभर खोल!"

बाबा उठला आणि बांधावरच्या ढिगात आपल्या चपला शोधू लागला.

"मंत्र म्हना की," कोंडाजी म्हणाला, "आपसूक येतील!"

हशा पिकला. मैनाबाईने पुढे होऊन सगळ्यांदेखत टपोरं फूल तोडलं. हात जागच्या जागी होता.

"दोरा कोनी बी बांधंल," ती म्हणाली. "पन हात जोडायच्या आधी जरा खनून बघत जा रे!"

आणि ओटीत फुलं घेत ती पुढच्या सरीला लागली.