बरणीतून वाचलेली बातमी

"काळं तेल, कढत तेल, गाळ खाली बसू दे,
वरचं सोनं निथळताना हात मधे नसू दे."

बाबांचा तो आवाज अजून कानात आहे. मी तेव्हा पिंपाच्या निम्म्या उंचीची होते आणि ढवळायचा लाकडी दांडा सोडायला तयार नव्हते. ते हसत माझी बोटं एकेक करून सोडवत आणि म्हणत, "हात काढ, चिमणे. ढवळणाऱ्याचं काम संपलं. आता थांबणाऱ्याचं." मग पिंपावर झाकण ठेवून त्याला थोपटत, पाळण्यातल्या लेकराला थोपटावं तसं.

आमच्या शेडमध्ये तळणीच्या तेलाला दुसरा जन्म मिळायचा. खानावळींमधून तळून तळून काळं पडलेलं तेल यायचं. ते फडक्यातून गाळायचं, तापवून त्यातलं पाणी उडवायचं, मग मिथेनॉलमध्ये विरघळवलेला कॉस्टिक सोडा घालून ढवळायचं. रात्रभर पिंप शांत ठेवलं की तळाशी काकवीसारखं ग्लिसरीन बसायचं आणि वर तरंगायचं मधाच्या रंगाचं इंधन. ते डिझेलच्या गाडीत घातलं की गाडी कुरकुर न करता पळायची. धूरही तळणीच्या वासाचा. ड्रायव्हर म्हणायचे, मागच्या गाडीवाल्याला भूक लागते.

पण वर तरंगलेलं सोनं तसंच विकायचं नाही, हा बाबांचा हट्ट. त्यात साबण लपलेला असतो. त्यावर पाण्याची बारीक फवार सोडायची, खाली उतरलेलं दुधी पाणी काढून टाकायचं, पुन्हा फवार, पुन्हा निथळ, पाणी नितळ येईपर्यंत. मग इंधन सुकवायचं. कंटाळवाणं काम. पण न धुतलेला माल गाडीत गेला की फिल्टर बुजतो, नोझल धरतं, आणि गाडी नेमकी चढावर दम तोडते.

म्हणून बरणी असायची. प्रत्येक पिंपातली एक काचेची बरणी भरून बाबा शेडच्या दारात यायचे. मागे वर्तमानपत्र धरायचे आणि बरणीतून मथळा मोठ्याने वाचायचे. अक्षर स्वच्छ दिसलं तर माल स्वच्छ. धूसर दिसलं तर पिंप परत धुवायला. वाचून झालं की म्हणायचे, "पास." त्या शब्दाशिवाय एकही ड्रायव्हर टाकीचं झाकण उघडत नसे.

आता जे मला माहीत होतं आणि दुसऱ्या कुणालाच नव्हतं, ते सांगते. बाबांना दिसत नव्हतं.

डोळे अधू झाले ते फार पूर्वी, आम्ही लहान असताना. मिथेनॉलची वाफ लागली, मास्क लावायचा आळस केला, असं तेच सगळ्यांना सांगत. तेव्हा निम्मी नजर वाचली होती. पुढे तीही हळूहळू विझली, वातीचं तेल संपत जावं तशी. पण घर पावलांना पाठ होतं आणि शेड हातांना. दादाला वाटायचं, म्हाताऱ्याला थोडं धूसर दिसतं, इतकंच.

माल ते आतच तपासायचे. बरणीत निम्मं इंधन, निम्मं पाणी घालून हलवायचे आणि कानाशी धरायचे. साबण उरलेला असला की फेस होतो आणि आवाज बसका येतो, धुतलेल्याचा खळखळ येतो. मग तापल्या तव्यावर थेंब टाकायचे. तडतडला तर ओल आहे. गप्प राहिला तर सुकलंय. ते एकदाही चुकले नाहीत. दारातलं वाचन होतं ते फक्त ड्रायव्हरांसाठी. सकाळच्या चहाला मी त्यांना पेपर वाचून दाखवायची, वरचा मथळा दोनदा. मग तेच पान त्यांच्या हातात सुलट द्यायची. ते पाठ म्हणायचे आणि बाहेर लोक माना डोलवायचे.

मी एकदा म्हटलं होतं, "बाबा, सांगून टाकू या ना. कानाने तपासता म्हणून सांगू."

"कानावर कोण टाकी उघडतो, चिमणे? लोकांना डोळे लागतात." मग बरणी पुसत म्हणाले, "हे गेलं ना, तर मी नुसता खाटेवरचा माणूस. जेवण वाढा, हात धरा, बाजूला बसवा. तेवढं नको करू माझं."

दादाला नेमकं तेवढंच करायचं होतं.

धुण्यावरून त्या दोघांचं रोज वाजायचं. दादाचं म्हणणं, धुण्यात वेळ जातो, गिऱ्हाईक दुसरीकडे वळतं. "तुम्ही इंधन बनवताय की बाळंतिणीची धुणी धुताय?" बाबा नुसती बरणी परत पाठवायचे. एकदा दादाने न धुतलेलं पिंप गुपचूप दारात आणलं, तर बाबांनी बरणी आत नेऊन हलवली आणि चार गाड्यांसमोर ते नापास केलं. लोक हसले. दादाही हसला. पण त्याची मान लाल झालेली मी पाहिली.

मग मी तापाने पडले. त्या दिवशी बाबांनी बरणीच केली नाही, डोकं दुखतंय म्हणाले. दुसऱ्या दिवशीही दुखलं. मी उठले आणि त्यांचं डोकं दुखायचं थांबलं. दादा चहा पिता पिता माझ्याकडे बघत राहिला, मग बाबांकडे, मग माझ्या हातातल्या पेपरकडे. बशीत चहा ओतून फुंकत राहिला.

त्या सकाळी मी बाबांना मथळा वाचून दाखवला: 'पुलाचे काम पुन्हा रखडले'. ते दोनदा पुटपुटले. आम्ही शेडकडे आलो तर बरणी आधीच भरलेली, झाकण पिळून बसवलेलं, दारातल्या स्टुलावर. समोर गाड्यांची रांग. पैलवान त्याच्या टेम्पोला टेकून उभा होता. पैलवान म्हणजे काडीसारखा माणूस, वारा आला की टेम्पोला धरणारा. त्याच्यामागे स्कूल व्हॅनवाल्या मावशी, आणि आणखी दोघे-तिघे.

"या बाबा, या," दादा म्हणाला, कधी नव्हे एवढ्या गोड आवाजात. "आज सगळी तयारी मीच केलीय. लोक खोळंबलेत."

"आत आण बरणी. आधी मी बघतो."

"आत अंधार आहे. इथे उजेड कसा छान आहे. बघायचंच आहे ना? बघा."

"झाकण काढ."

"झाकण कशाला? बाबा, तुम्ही डोळ्यांनी तपासता की नाकाने?"

पैलवान हसला. बाबांनी बरणी उचलून हलवायला हात पुढे केला, तर दादाने ती स्वतःच्याच हातात धरली. "हलवायचं नाही. गढूळ होईल. मी धरतो, तुम्ही वाचा." मी पेपर घेऊन पुढे झाले. त्याने माझं मनगट पकडलं, इतकं घट्ट की बांगडी आत रुतली. "चमचे, तू आज आराम कर. तापातून उठलीयेस. पेपर मी धरतो."

माझा हात सोडून त्याने काखेतून एक पान काढलं आणि बरणीमागे उघडलं. तो पेपर नव्हता. पेपराएवढाच कोरा कागद होता आणि त्यावर जाड काळ्या पेनाने, दुरून दिसेल एवढ्या मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: म्हातारा आंधळा आहे.

बरणीतला माल धुतलेला नव्हताच. चिखलाच्या पाण्यासारखा गढूळ. त्यामागे हत्ती उभा केला असता तरी दिसला नसता. म्हणून दादाने कागद बरणीच्या वर, चांगला हातभर वर काढून धरला. सगळ्यांना वाचता यावा म्हणून.

रांगेत कुणीतरी खाकरलं. बाकीच्यांनी हसू गालात दाबून धरलं.

मी तोंड उघडलं. दादाने डोळे वटारले. पण खरं सांगायचं तर त्याने नसते वटारले तरी मी काय बोलणार होते? 'बाबा, वाचू नका' म्हटलं असतं तरी तेच कळलं असतं सगळ्यांना.

बाबांनी मान किंचित पुढे केली. डोळे बारीक केले, एवढ्या सराईतपणे की मलाच क्षणभर वाटलं, दिसतंय त्यांना. आणि खणखणीत आवाजात वाचलं,

"पुलाचे काम पुन्हा रखडले."

आधी पैलवान फुटला. मग त्याच्या मागचे. एकजण टेम्पोच्या बॉनेटवर हात आपटत हसत होता. बाबाही थोडं हसले, लोक पुलाला हसतायत असं वाटून. "हसताय काय? दरवर्षी रखडतो," ते म्हणाले, आणि हशा दुप्पट झाला.

"आणि खाली, बाबा? खालच्या ओळीत काय लिहिलंय?" दादाने विचारलं.

"खालचं... बारीक आहे."

"बारीक? अहो, घोड्याएवढं अक्षर आहे! नीट बघा ना. तुमच्याबद्दलच आहे."

बाबांचं हसू ओठांवर होतं तसंच राहिलं. विझवायला विसरलेल्या दिव्यासारखं. त्यांनी हात पुढे केला, हवेत कागद शोधला. दादाने कागद थोडा मागे घेतला. हात पुढे आला, कागद आणखी मागे. पुन्हा. लहान मुलाला खाऊ दाखवून पळवावं तसं. हात हवेतच चाचपडत राहिला, आणि आता कुणीच हसत नव्हतं. हसणारेही आपापल्या चपलांकडे बघत होते.

"पास ना, चाचा?" पैलवान पुटपुटला. काहीतरी बोलायचं म्हणून.

बाबांनी 'पास' म्हटलं नाही. हात खाली घेतला. "चिमणे," ते म्हणाले, "काय लिहिलंय कागदावर?"

"काही नाही, बाबा."

"सांग की!" दादा ओरडला. "तुझे तर डोळे शाबूत आहेत ना? का तुझेही पाठांतरावरच चालतात?"

"सांग," बाबा म्हणाले.

मी सांगितलं. तीन शब्द होते. आयुष्यात एवढं जड काही उचललं नाही.

त्यांनी मान हलवली. एखाद्या गिऱ्हाइकाची तक्रार रास्त असावी तशी.

"झालं तर मग," दादा सगळ्यांकडे वळला. "ऐकलंत ना सगळ्यांनी? इतके दिवस हा तमाशा चालला होता तुमच्या गाड्यांच्या जिवावर. आजपासून माल मी पास करणार. धुण्याची नाटकं बंद. तुम्ही बाबा, आत पडून राहा. वेळेवर जेवण मिळेल."

"अरे, बाप आहे तुझा," मावशी म्हणाल्या.

"बाप आहे म्हणून घरात आहे. परका असता तर केव्हाच रस्ता दाखवला असता." तो आता थांबू शकत नव्हता. उतारावर ब्रेक गेलेल्या गाडीसारखा तो वेग घेत गेला. "आणि कुणाचं पाप म्हणून हे सगळं? यांचंच ना? साधा मास्क लावायचा होता, मावशी. एवढंसं फडकं. तेवढंही जमलं नाही. वाफ खाल्ली, डोळे घालवले, आईला झिजवून झिजवून मारलं. मी शाळा सोडून पिंपं घासली. का? तर या माणसाला बेपर्वाई नडली! स्वतःच्या डोळ्यांची काळजी घेता आली नाही, तो लोकांच्या गाड्यांची घेणार!"

बाबा स्टूल चाचपून खाली बसले. दोन्ही तळवे गुडघ्यांवर ठेवले. मी त्यांच्याजवळ गेले तर त्यांनी मला हातानेच दूर केलं, हळुवारपणे, दांड्यावरून माझी बोटं सोडवायचे तसं.

"वाफ नव्हती ती, बाळा," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"मास्क मी रोज लावायचो. तुझ्या आईने जुन्या चादरीचे शिवून दिले होते." त्यांचा चेहरा दादाच्या आवाजाच्या दिशेला होता, पण थोडा चुकून, त्याच्या खांद्यापलीकडच्या रिकाम्या जागेकडे. "तुला त्या दिवशी पहिल्यांदाच मिथेनॉल काढायला सांगितलं होतं मी. कॅन जड होता तुला. म्हणून तू थोडं पाण्याच्या बाटलीत काढून घेतलंस. आणि मित्रांनी हाक मारली तशी ती बाटली माझ्याजवळ ठेवून खेळायला पळालास."

दादाच्या हातातला कागद खाली आला.

"ऊन मी म्हणत होतं. माझे दोन्ही हात तेलात. न बघताच तोंडाला लावली. घशाखाली उतरल्यावर कळलं. उरलेलं मी मोरीत ओतून दिलं, तुला दिसू नये म्हणून. आईलाही वाफच सांगितली. डॉक्टरांना खरं सांगितलं ते दार लावून." त्यांनी तळवे गुडघ्यांवरून फिरवले. "तू दिवेलागणीला आलास. घामाने थबथबलेला. म्हणालास, बाबा, त्या बाटलीतलं कुठे गेलं? मी म्हटलं, सांडलं."

मावशींनी तोंडावर पदर धरला.

"सांडलं नव्हतं," बाबा म्हणाले. "मी प्यायलो होतो."