फोटो परवानगी मागत नाही

आमच्याकडे डोळे तयार होतात. खोटे. ज्यांचा एक डोळा गेलाय, त्यांना दुसऱ्याशी जुळणारा डोळा रंगवून द्यायचा, हे माझं काम. माझ्या चुलतभावाचं काम कॉम्प्युटरसमोर बसायचं. घरात त्याला साहेब म्हणतात, आणि त्यात काही खोच आहे हे त्याच्या अजून लक्षात आलेलं नाही.

लांबचे लोक चांगल्या डोळ्याचा फोटो ईमेलनं पाठवतात. मेलमध्ये दिसतो तो छोटा फोटो रंगवायला उपयोगाचा नाही, बुबुळातल्या रेषा त्यात पुसट होतात. म्हणून मूळ फाईल उतरवून घ्यायची आणि मोठी करून बघायची, ही आमची रीत. पण आधी मेलमध्येच फोटो दिसतोय का ते बघ, नाहीच दिसला तर पाठवणाऱ्याला फोन कर, अनोळखी माणसाचा मेल असेल तर विचारल्याशिवाय हातच लावू नकोस, हे मी साहेबाला शंभरदा सांगितलं होतं. त्यावर त्याचं ठरलेलं, "ताई, तू ब्रश सांभाळ."

मग तो मेल आला. पाठवणारा कोण, कुठला, पत्ता नाही. 'उजवा डोळा, जवळून, तातडीने.' खाली फोटोसारखी दिसणारी फाईल. मेलमध्ये काहीच दिसेना. फाईलच्या नावाचं शेपूट, म्हणजे टिंबानंतरची अक्षरं, बघायचं असतं, ते फोटोचंच आहे की मागे आणखी काही चिकटवलंय. कॉम्प्युटर ते लपवतो, दाखव म्हणून एकदा सांगून ठेवावं लागतं. एवढे कष्ट साहेब कशाला घेतील? त्यानं फाईल उतरवली, उघडली. कॉम्प्युटरनं विचारलं, हा प्रोग्रॅम चालवू का? अहो, फोटो कधी परवानगी मागतो का? साहेब म्हणाले, चालव.

पंधरा मिनिटांत सगळ्या फाईलींना कुलूप, आणि स्क्रीनवर खंडणीची पाटी. फोटोंची दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर होती. ती कामापुरती जोडायची आणि काढून ठेवायची असते. आमची महिनोन्‌महिने कॉम्प्युटरलाच लटकलेली, म्हणून तीही गेली. दुरुस्तीवाल्यानं दोन दिवस झटून हात टेकले.

बाकीच्यांचं निभावलं. त्यांचा एक डोळा जागेवर होता, पुन्हा फोटो मागवले. अडल्या त्या एका शाळेत शिकवणाऱ्या बाई. आजारामुळे त्यांचे दोन्ही डोळे काढावे लागणार होते. ऑपरेशनच्या आधी त्या आमच्याकडे आल्या आणि मी त्यांना खिडकीशी बसवून चाळीस फोटो काढले. "मला काही दिसणार नाही," त्या म्हणाल्या होत्या, "पण चेहरा माझाच राहू दे." आता ऑपरेशन होऊन जखमा भरल्या होत्या. सोमवारी त्या येणार होत्या आणि चाळीसातला एकही फोटो उघडत नव्हता, कॅमेऱ्यातल्या मूळ प्रती कधीच पुसल्या होत्या. घरचे म्हणून जे फोटो मिळाले, त्यांत डोळे म्हणजे दोन ठिपके.

"कुठलाही तपकिरी लाव ना," साहेब म्हणाला. "त्यांना कुठे दिसणारे?"

लाज कशाशी खातात हे त्याला कुणी शिकवलंच नसावं. मी त्याच्याशी बोलणं बंद केलं.

सोमवारी बाई नवऱ्याचा हात धरून आल्या. मी काहीही न लपवता सगळं सांगितलं. साहेब कोपऱ्यात उभा राहून नखं बघत होता. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं.

"मी आरशात बघायची ती केस विंचरण्यापुरती," त्या म्हणाल्या. "यांना विचारा. तेहतीस वर्षं बघतायत."

मी नवऱ्यापुढे नमुन्याच्या डोळ्यांचा ट्रे ठेवला. तो खाकरला. "तपकिरीच की. म्हणजे काळपट. काळेच म्हणा ना." त्यानं एक नमुना उचलला, ठेवला, दुसरा उचलला, मग तिसरा हातात धरून माझ्याकडे बघू लागला, जणू उत्तर मी पुरवणार होते. मला त्याची कीव आली नाही, चीड आली. तेहतीस वर्षं समोर बसून जेवला हा माणूस.

"राहू दे हो," बाई म्हणाल्या आणि माझ्या आवाजाच्या दिशेनं वळल्या. "तुम्ही तर तासभर बघत होतात. तुम्हीच सांगा."

मी तोंड उघडलं. त्या दिवशी उजेड कुठून येत होता, कॅमेरा किती अंतरावर होता, सगळं आठवत होतं. रंग आठवत नव्हता. फोटो आहेतच, मग निवांत बघू, म्हणून कॅमेरा बाजूला ठेवून मी त्यांच्या डोळ्यांकडे एकदाही बघितलं नव्हतं. साहेबाला घातलेल्या सगळ्या शिव्या आता मलाच लागू होत्या.

"नाही आठवत, बाई."

बाईंनी नवऱ्याच्या हातातला नमुना चाचपडत काढून घेतला आणि माझ्यापुढे धरला.

"मग हाच बसवा. फरक कळेल असं कुणी दिसत नाही."