काचेवरची टेप

साकेत नगरातल्या एका पॅथॉलॉजी लॅबच्या खिडकीवर रजनी आणि वंदना बसत. दोघीही मराठी, त्यामुळे काचेमागच्या गप्पा मराठीत चालत. भोपाळच्या रांगेला त्यातलं ओ की ठो कळत नाही, अशी दोघींची खात्री होती. कोणाचा नवरा खडूस, कोण उपाशीपोटी आल्याची थाप मारतोय, सगळं त्या माणसाच्या तोंडावर बोलून व्हायचं.

सोमवारी मॅनेजरने सांगितलं, पुढच्या महिन्यापासून खिडकीवर एकच बाई राहील. कोण, ते सांगितलं नाही. मंगळवारपासून एक अनोळखी मुलगी येऊन बसू लागली. दोघींच्या केबिनचं दार उकाड्यामुळे उघडंच असे, त्यालगतच्या बाकावर. तिला ना रक्त द्यायचं होतं, ना रिपोर्ट न्यायचा होता. खिडकीशी येणारी माणसं काय करतात, तेवढं ती पाहत राही.

"मॅनेजरनंच पाठवलीय," रजनी म्हणाली. "एकीला काढायचं तर कारण नको?"

"तुझं कारण तर काचेवरच चिकटलंय."

रजनी हसली नाही. बोलण्यासाठी काचेला भोकं होती, त्यांवर तिने आतून पारदर्शक टेप लावली होती. हिवाळ्यात खोकणाऱ्या पेशंटांपायी तिने अंथरूण धरलं होतं. उठल्यावर माइक मागितला, तो मिळाला नाही. मग टेप आली. बाहेरून ती दिसत नसे. ऐकू येईना म्हणून माणसं पावती सरकवायच्या फटीशी वाकत, तिला कान लावत, तिथूनच ओरडत आणि जाताना चिडून जात.

"कड सुटलीय," रजनी म्हणाली. "ती बाकावरची चोंबडी चहाला गेली की बदलते."

मुलगी चहाला गेली, टेप बदलली गेली. परत आल्यावर मात्र ती बाकावर न बसता रांगेत उभी राहिली. पाळी आल्यावर इतरांसारखीच फटीशी वाकली.

"बोलिए," रजनी म्हणाली.

"नवी टेप छान बसलीय, ताई."

वंदनाचा हात पावतीवरच थांबला. आपण दोन दिवसांत काय काय बोललो, ते रजनी आठवू लागली. चोंबडी तर त्यात होतीच.

मुलीचं नाव रसिका. पुण्याहून आलेली, नवा काउंटर आखायचं काम तिला मिळालं होतं. फटीतूनच तिने सांगितलं की आधी ती फक्त बाकं बदलणार होती. पण लोक जिथे वैतागतात तिथेच तिला कामाचं सापडतं, आणि इथे तर सगळी रांग कान फटीला लावून उभी होती. आवाज जाईल पण खोकला येणार नाही अशी खिडकी तिला करायची होती. टेपचं तिने मॅनेजरला सांगितलं नव्हतं. आत बसणाऱ्याला आणखी काय जाचतं, ते रजनीने मोकळेपणाने सांगावं, एवढंच मागणं होतं.

रजनीने नखाने टेपचा कोपरा सोडवला, भोकं मोकळी केली.

"नव्या काउंटरमागे खुर्च्या किती?"

रसिका सरळ उभी राहिली. मागून कोणीतरी "मैडम, जल्दी कीजिए" म्हणालं.

"एक," ती म्हणाली. "मला तसंच सांगितलंय."

रजनीने टेप जागेवर बसवली, अंगठ्याने कडेपर्यंत दाबली, आणि हिंदीत पुढच्याचं नाव पुकारलं.