पिवळ्या लेस

शाळा उघडायला आठवडा राहिला असताना मोठ्या बाईंनी शिक्षकांच्या खोलीत सांगितलं, की यंदा गणवेशाचं भाषण चित्रकलेच्या बाई करतील. मोठ्या बाई म्हणजे मुख्याध्यापिका. त्या हे बोलल्या तेव्हा गणिताच्या बाई पेन्सिलीला टोक करत होत्या. टोक मोडलं. कोणाच्या लक्षात आलं नाही, कारण बाकीचे टाळ्या वाजवत होते.

गेली कित्येक वर्षं ते भाषण गणिताच्या बाईंचं होतं. नखं, केस, स्कर्टची लांबी, पँटची घडी, दप्तरावर नाव. मुलं जांभया देत, पालक घड्याळाकडे बघत, पण भाषण त्यांचं होतं. आता विषयाचं नावसुद्धा बदललं होतं. ‘शाळेत येताना काय घालावं: मुलांनी आणि शिक्षकांनीही.’ त्यातल्या ‘शिक्षकांनीही’वर विज्ञानाच्या सरांनी आपल्या खिशावरच्या शाईच्या डागाकडे पाहिलं आणि हात आडवा धरला.

“तुम्हाला चालेल ना?” मोठ्या बाईंनी सगळ्यांदेखत विचारलं.

“न चालायला काय झालं? माझाच भार हलका झाला,” गणिताच्या बाई म्हणाल्या आणि पेन्सिल पुन्हा तासायला लागल्या.

चित्रकलेच्या बाई मागच्या वर्षी, सत्र अर्धं संपल्यावर, शाळेत आल्या होत्या. कपडे महागाचे नसत. तेच दोन-चार शर्ट, तेच राईसारख्या गडद पिवळ्या रंगाचं जॅकेट. पण त्या खोलीत आल्या की खिडकी उघडल्यासारखं वाटे. गणिताच्या बाईंनी त्यांच्यात खोट काढायचा मनापासून प्रयत्न करून पाहिला होता. आवाज गोड, वागणं साधं, वह्या वेळेवर तपासलेल्या. हेवा करायचा तर निदान समोरची बाई मूर्ख तरी असायला हवी होती.

भाषण गेलं त्याचं दुःख त्यांनी गिळलंही असतं. खरा काटा घरात होता.

त्यांची एकुलती एक लेक, जिला घरात सगळे बिट्टी म्हणत, त्याच शाळेत नववीत जाणार होती. सुट्टीभर ती चित्रकलेच्या बाईंच्या वर्गाला जात होती. परत आली की चपला काढायच्या आधी सुरू होई. बाई म्हणतात, पांढरा शर्ट उलटा करून वाळत घालावा. बाई म्हणतात, केस ओढून बांधले की कपाळ दुखतं. बाई म्हणतात, पुढच्या वर्षीपर्यंत पुरतील म्हणून मोठे बूट घेऊ नयेत, पाय बिघडतात. बूट एक नंबर मोठे घ्यायचा नियम या घरात आईचा होता.

“आपल्या घरात आता तीन बायका झाल्या,” बिट्टीचे बाबा जेवताना म्हणाले. ते चष्म्याच्या दुकानात कामाला होते आणि घरी आल्यावर दिवसभराची थट्टा वसूल करत. “त्यातली एक कधी येत नाही, पण बोलते सगळ्यांत जास्त.”

बिट्टी खळखळून हसली. आईने भांडी जरा जोरात उचलली.

“अहो, थट्टा करू नका. उद्या ती म्हणेल, जेवण कसं करायचं तेही बाईंनाच विचारू.”

“आई, तसं नाही,” बिट्टी म्हणाली. मग धीर करून पुढे म्हणाली, “पण पहिल्या दिवशी तू तो तपकिरी कोट घालू नकोस ना.”

“का? काय वाईट आहे त्यात?”

“वाईट काही नाही. त्यात तू थकलेली दिसतेस.”

“मी थकलेलीच असते,” आई म्हणाली. विषय तिथेच संपला, म्हणजे बिट्टीपुरता.

दुसऱ्या दिवशी गणिताच्या बाई बाजारात गेल्या. काही घ्यायचं नव्हतं, असं त्यांनी स्वतःला दोनदा बजावलं. मोठ्या रस्त्यावरच्या कपड्यांच्या दुकानात शाळेचा हंगाम जोरात होता. दारातच गणवेशांचे ढीग, आया पोरांच्या पाठीला शर्ट लावून मापं घेतायत, पोरं गुदगुल्या झाल्यासारखी वळवळतायत. बाई थेट आतल्या भागात गेल्या. तिथे हँगरला एक राई रंगाचं जॅकेट होतं. अगदी तेच नव्हे, पण त्याच्या सख्ख्या बहिणीसारखं. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि चोरी करावी तसं ते घेऊन ट्रायल रूममध्ये शिरल्या.

एक बाही चढवली आणि पडद्यापलीकडून बिट्टीचा आवाज आला.

“बाई, ह्या पिवळ्या बघा.”

“पिवळ्या छान. काळ्या बुटांवर उठून दिसतील.” तो आवाज चित्रकलेच्या बाईंचा होता. “भाषणात तूच मंचावर उभी राहा. मी बोलेन, तू दाखव.”

गणिताच्या बाईंनी पडद्याच्या फटीतून पाहिलं. काउंटरपाशी दोघी बुटांच्या लेसच्या जुड्या चाळत होत्या. खांद्याला खांदा लागलेला. बिट्टी काहीतरी समजावून सांगत होती, हात उडवत, डोळे मोठे करत. ती शेवटची आपल्याशी अशी कधी बोलली होती, ते बाईंना आठवेना.

“तुझ्या आईसाठी काही बघायचं का? स्कार्फ वगैरे?”

“नको बाई. आईला रंगातलं काही कळत नाही. तिला फक्त बरोबर आणि चूक कळतं.”

चित्रकलेच्या बाई हसल्या. मोठ्याने नाही, दुष्टपणाने नाही, पण हसल्या.

एक हात बाहीत आणि दुसरा हवेत, अशा गणिताच्या बाई तिथे कितीतरी वेळ उभ्या राहिल्या. त्या दोघी गेल्यावर बाहेर आल्या. काउंटरवरच्या बाईने विचारलं, “आवडलं का?”

“खांद्यात घट्ट होतंय,” त्या म्हणाल्या. जॅकेट खांद्यात मुळीच घट्ट नव्हतं.

घरी जाताना त्यांच्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. शाळेच्या नियमात लिहिलं होतं, काळे बूट, पांढरी लेस. दुसरा कुठलाही रंग नाही. तो नियम कुठे आहे हे त्यांना चांगलं ठाऊक होतं, कारण तो त्यांनीच लिहिला होता. चित्रकलेच्या बाई नवीन. त्यांना माहीत नसणार. संध्याकाळी बिट्टी समोरच बसून दप्तर धूत होती. एक वाक्य बोलायचा अवकाश होता. बाई बोलल्या नाहीत. उद्या बोलू, असं म्हणत त्यांनी भाषणाचा दिवस येऊ दिला.

त्या दिवशी सभागृह भरलं होतं. मागे पालक, मध्ये नववी-दहावीची मुलं, पुढे शिक्षक. चित्रकलेच्या बाई कागद न घेता बोलल्या.

“शिक्षकांनी सुरुवात पायांपासून करावी,” त्या म्हणाल्या. “दिवसभर आपण उभे असतो. बूट चावत असेल तर आपण मुलांना चावतो.”

विज्ञानाचे सर सगळ्यांत मोठ्याने हसले. मग बाई म्हणाल्या, की फळ्यावर लिहिताना बाही खडूत लोळणार नाही अशी असावी. हातात वाजणारं काही घालू नये, कारण मुलं धडा सोडून ते ऐकत बसतात. आणि नवीन शर्ट एकदा धुऊन मगच घालावा, पहिल्या दिवशी मान खाजवत बसण्यात शोभा नाही. मुलांना त्यांनी सांगितलं, की नवीन नसलं तरी चालेल, स्वच्छ आणि मापाचं असावं. मोठ्या भावाचा शर्ट घालायला लागला तर बटणं बदलून घ्या, तो तुमचा होईल.

हे सगळं खरं होतं. गणिताच्या बाईंना ते पटत होतं आणि पटत होतं म्हणूनच आत कोणीतरी चिमटे काढत होतं. आपण इतकी वर्षं नखं आणि लांबी मोजत बसलो, हे आपल्याला का नाही सुचलं?

“आणि शेवटचं,” चित्रकलेच्या बाई म्हणाल्या. “गणवेश सगळ्यांचा सारखा. पण एखादी लहानशी गोष्ट तुमची स्वतःची असू द्या.”

बिट्टी मंचावर पुढे आली. कडक इस्त्रीचा गणवेश, चकचकीत काळे बूट आणि त्यांत सूर्यफुलासारख्या पिवळ्या लेस. मुलांमधून आनंदाचा एक गलका उठला. बिट्टीने एक पाऊल पुढे टाकून पाय वळवून दाखवला. तिचा चेहरा नुसता फुलला होता. तिने पाहिलं ते खाली बसलेल्या आईकडे नाही, चित्रकलेच्या बाईंकडे.

गणिताच्या बाई उभ्या राहिल्या.

“एक शंका आहे. शाळेच्या नियमात लेस पांढरीच लागते. बाईंनी नियम वाचलेत ना?”

आवाज शांत होता. वर्गात समीकरण चुकलेल्या मुलाला विचारावं तसा. चित्रकलेच्या बाईंचे कान लाल झाले.

“नाही,” त्या म्हणाल्या. “लेसचं मला माहीत नव्हतं. माझी चूक झाली.”

मोठ्या बाईंनी घसा खाकरला. इतक्या पालकांसमोर त्यांना दुसरं काही बोलता येण्यासारखं नव्हतं. “नियम तो नियम,” त्या म्हणाल्या. “बाकी भाषण उत्तमच झालं.”

तेव्हा बिट्टी मंचाच्या कडेवर खाली बसली. सगळ्यांसमोर तिने एका बुटाची लेस सोडवली, एकेका भोकातून ओढून काढली, मग दुसऱ्याची. दोन्ही गुंडाळून तिने चित्रकलेच्या बाईंच्या टेबलावर ठेवल्या आणि मधल्या वाटेने चालत बाहेर गेली. लेस नसलेले, एक नंबर मोठे बूट फटक फटक वाजत होते. आईच्या रांगेपाशी तिने मान वळवली नाही.

घरी तिने भांडण केलं नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. विचारलं त्याला उत्तर, वाढलं ते जेवण, सांगितलं ते काम. चित्रकलेच्या बाईंचं नाव घरातून पार गेलं. गणिताच्या बाईंना जे हवं होतं ते मिळालं होतं, आणि घर दात पडलेल्या तोंडासारखं रिकामं झालं होतं.

“तुझं चुकलं नाही म्हणतेस ना?” बिट्टीचे बाबा म्हणाले. “मग जेवत का नाहीस?”

शाळा सुरू झाली. चित्रकलेच्या बाई राखाडी शर्ट घालून येऊ लागल्या. मधल्या सुट्टीत कोणी काही विचारलं तर म्हणत, नियम बघून सांगते. राखाडी रंगही त्यांना शोभत होता, हे गणिताच्या बाईंच्या नजरेतून सुटलं नाही.

एका दुपारी दोघींचा तास एकाच वेळी मोकळा होता. खोलीत तिसरं कोणी नव्हतं. चित्रकलेच्या बाईंनी ब्रश पुसता पुसता विचारलं, “एक विचारू? त्या लेस आम्ही आणल्यात हे तुम्हाला आधी माहीत होतं?”

गणिताच्या बाईंना खोटं बोलता आलं असतं. “होतं,” त्या म्हणाल्या.

“मग आधी का नाही सांगितलंत? मी लगेच बदलल्या असत्या.”

“कारण तुम्ही चुकायला हवं होतं मला. सगळ्यांसमोर.” त्यांनी समोरची वही मिटली. “माझी मुलगी दिवसभर तुमचं नाव घ्यायची. भाषण गेलं, ते एक वेळ चाललं असतं.”

चित्रकलेच्या बाईंनी ब्रशच्या केसांवरून बोट फिरवलं. तोंडदेखलं काही बोलायला त्या तयार नसाव्यात.

“मग मीही खरं सांगते,” त्या म्हणाल्या. “या खोलीत आली की ती तुमच्या टेबलावरून पुढे येऊन माझ्या टेबलापाशी थांबायची. तुम्ही मान खाली घालून वह्या तपासायचात. तुम्हाला ते दिसतंय हे मला कळत होतं. आणि मला ते आवडत होतं. जरा जास्तच.”

हे ऐकून राग यायला हवा होता. त्याऐवजी गणिताच्या बाईंना कित्येक दिवसांनी नीट श्वास घेतल्यासारखं वाटलं. समोरची बाई देवी नव्हती. आपल्यासारखीच हावरट होती.

त्या उठल्या आणि मोठ्या बाईंच्या खोलीत गेल्या.

“लेसचा नियम काढून टाका,” त्या म्हणाल्या.

“अहो, तो तुम्हीच लिहिलाय. आणि परवा तुम्हीच तर एवढं रामायण केलंत.”

“नियमासाठी नव्हतं केलं. हेवा वाटला म्हणून केलं. त्याची शिक्षा मुलांना कशाला?”

मोठ्या बाईंनी चष्मा काढून त्यांच्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत या बाईंच्या तोंडून त्यांनी असलं काही ऐकलं नव्हतं. थोडी घासाघीस झाली. लेस कुठल्याही रंगाची चालेल, पण केसांना आणि कपाळाला रंगीत काही नाही, असं ठरलं.

घरी गणिताच्या बाईंनी बिट्टीला सांगितलं. मोठ्या बाईंना जे सांगितलं तेही, शब्दाला शब्द.

बिट्टी बोटाने टेबलावर रेघा ओढत होती. “सगळ्यांसमोर का केलंस?” तिने विचारलं.

“सगळ्यांसमोर तू तिच्याकडे बघितलंस म्हणून.”

“हे कारण आहे?”

“नाही,” आई म्हणाली. “पण झालं ते असं.”

बिट्टीने तिला माफ केलं असं काही म्हटलं नाही. फक्त जेवताना दुसऱ्यांदा भात मागितला आणि गणितातलं एक अडलेलं उदाहरण, बऱ्याच दिवसांनी, आईपुढे सरकवलं.

सहामाही परीक्षेच्या सुमारास शाळेत खेळाचे नवे सर आले आणि बिट्टी धावायला लागली. लेस, रंग, स्कार्फ सगळं मागे पडलं. मळका ट्रॅकसूट घालून ती दिवसभर मैदानावर दिसू लागली आणि चित्रकलेचा तास तिने चक्क दोनदा बुडवला.

मधल्या सुट्टीत चित्रकलेच्या बाई खिडकीपाशी उभ्या होत्या. मैदानावर बिट्टी सरांना हात उडवत काहीतरी सांगत होती.

“घरी काही बोलली का हो माझ्याबद्दल?” त्यांनी मागे न बघता विचारलं. “रागावलीय का?”

गणिताच्या बाईंच्या मनात आधी एक ओशाळवाणा आनंद उमटला. तो त्यांनी ओळखला, जरा वेळ राहू दिला. मग शेजारची खुर्ची ओढून वह्या बाजूला केल्या.

“रागावली नाही. विसरलीय,” त्या म्हणाल्या. “बसा इथे. चहा सांगते.”